होडीचा रकाना

किसुमू,
४ मार्च

न्यामेरा, माझी बहीण आपोंडी हिस, थोरल्या भावाचे अ. आ. वि. वि.

पत्रास कारण एक अंडं. या खोक्यात, पत्राच्या खाली, केळीच्या वाळक्या सोपटात गुंडाळलेलं एक कच्चं अंडं आहे. भावाला बहिणीच्या भुकेची आठवण झाली, असा गैरसमज करून घेऊ नकोस. ते तपासणीसाठी आहे.

दुकानाचं इंटरनेटवरचं पान मी नव्याने मांडतो आहे. गिऱ्हाईक मडकी, चटया, टोपल्या निवडतं, आणि शेवटी माल कसा हवा ते विचारायला हवं. आजवर तिथे एकच ओळ होती, की आम्ही पाठवू. आम्ही पाठवतो आणि निम्मी मडकी खापऱ्या होऊन पोहोचतात. आता तिथे रकाने असतील: मोटारसायकल, मटाटूची छोटी गाडी, बस, टपाल. प्रत्येकासमोर लागणारा वेळ लिहिलेला. नैरोबीहून कॉलेज शिकून आलेला एक मुलगा मला म्हणाला, की काका, हे आकडे इंटरनेटवर मिळतात. मी त्याला सांगितलं, की अंडी इंटरनेटवर फुटत नाहीत. मी स्टँडवर हमाली करता करता ही विद्या शिकलो. कुठल्या मास्तराने मला ती दिलेली नाही, त्यामुळे कुणाच्या सांगण्यावर मी ती सोडत नाही.

तर दर आठवड्याला एक अंडं, वेगळ्या वाटेने, म्बिटाच्या स्टँडवर तुझ्या नावाने येईल. बाजाराला तू बेटावरून म्बिटाला येतेसच. प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहून पाठवायच्या: कधी पोहोचलं, कोणाच्या हातून, कोणत्या स्थितीत. वेळ घड्याळाची लिहायची. 'दुपारच्याला' असं लिहिलंस तर ती नोंद मी बाद धरीन. फोन आहे की, असं म्हणशील. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं. पत्र राहतं, आणि शाई फुटली तर ओल लागली हेही कळतं.

होडीचा रकाना पानावर असणार नाही. त्याविषयी लिहू नकोस.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो मोजायला माझ्याकडे अजून साधन नाही.

तुझा,
ओग्वेनो


म्फांगानो बेट,
१३ मार्च

ती. दादास, आपोंडीचा सा. न. वि. वि.

कधी पोहोचलं: दुपारी एक वाजून दहा मिनिटं. तुझ्या धाकाने मी बाजारातल्या घड्याळवाल्याला विचारून आले. त्याला वाटलं मी घड्याळ घेणार. कोणाच्या हातून: मोटारसायकलवाल्याच्या. तो खोक्यावर बसून आला होता, असा मला संशय आहे. कोणत्या स्थितीत: दादा, तुझं पत्र मी पिवळ्या बलकातून वाचलं. 'अ. आ.' तेवढे नीट दिसत होते. आशीर्वाद फुटत नाहीत, अशी नोंद कर.

इथलं बरं आहे. यंदा ओमेना मासे चांगले पडले, वाळवणाला जागा पुरत नाही. वरच्या शाळेला साठ पाण्याची मडकी हवीत, वर्गावर्गातून ठेवायला. हेडबाईंनी तुझ्या दुकानाचं पान उघडलं आणि बेटाचं नाव घातलं, तर पान म्हणालं की इथे माल पोहोचत नाही. त्या हसल्या. सरोवराकाठच्या मुलखाचं दुकान म्हणवता, त्यात सरोवर तेवढं नाही, असं म्हणाल्या. मी म्हटलं, भावाचं पान पोहायला शिकलेलं नाही.

तू लिहू नकोस म्हणालास, म्हणून मी त्याविषयी लिहीत नाही. छपराविषयी लिहिते. बाबांच्या वाडीच्या फाटकाशी आपल्या धाकट्या ओकिन्यीची झोपडी आहे ना, तिचं पाण्याच्या बाजूचं छप्पर खाली आलं. कोणी हात लावत नाही. जिवंत माणसाची झोपडी असती तर गवत घातलं असतं, मेलेल्याची असती तर रीतीने पाडली असती. ही कोणाची म्हणायची, ते वडीलधाऱ्यांना ठरवता येत नाही. त्यांनी पुन्हा तुझी चौकशी केली.

तब्येत सांभाळ. चहात साखर कमी घाल. ओढ होती तशीच असू द्यावी.

तुझी,
आपोंडी


किसुमू,
१८ मार्च

न्यामेरा आपोंडीस, अ. आ. वि. वि.

मटाटूने पाठवलेल्या अंड्याविषयी तुझी चिठ्ठी मिळाली. तेही फुटलं. दोन वाटा, दोन फुटकी अंडी. हे खोकं निळ्या बसने येईल. ती बस म्बिटाला बारा चाळीसला लागते, आणि नेमाने लागते. पानावर मी तोच रकाना सगळ्यांत वर ठेवणार आहे. आतमध्ये या वेळी लाकडाचा भुसा घातला आहे, चाळून.

वडीलधाऱ्यांना माझा नमस्कार सांग आणि उत्तर जुनंच आहे, असंही सांग. पाण्याने माणूस परत दिला नाही, तर त्याच्या नावाने यागोचं फळ पुरायचं, थोरल्या भावाने पहिली माती टाकायची. ही रीत मला माहीत आहे. मी लहानपणी एक असं पुरणं पाहिलं आहे. हातभर लांबीचं फळ, राखाडी, जड, चादरीत गुंडाळलेलं, आणि बायका त्याला नावाने हाक मारून रडत होत्या. मी मोजमापाचा माणूस आहे. झाडाला लटकलेल्या वस्तूला मी माझा भाऊ म्हणणार नाही. आठ वर्षं झाली, मी त्याचा फोन माझ्या खणात ठेवला आहे आणि नंबर चालू ठेवला आहे. बंद केला की कंपनी तो दुसऱ्याला देते. मग कोणीतरी भलताच तिकडून बोलेल. ते मला चालणार नाही.

छपरावर प्लास्टिक टाकता येईल का, ते बघ. प्लास्टिकविषयी रीत काही म्हणत नसावी.

दूर असलो तरी जवळचा,
ओग्वेनो


म्फांगानो बेट,
२९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

हे पत्र मी नीट बसून लिहिते आहे. तूही नीट बसून वाच.

निळ्या बसचं अंडं गेल्या आठवड्यात फुटलंच, ते कळवलं होतं. त्यानंतर तू त्याच बसने दुसरं खोकं पाठवलंस, वर तांबड्या शाईने लिहून, की फक्त रस्त्याने. मी बाजाराला निघणारच होते. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी किनाऱ्यावर भांडी घासायला उतरले, तर ते खोकं तिथे होतं. म्बिटाच्या स्टँडवर नव्हे, माझ्या दारासमोरच्या किनाऱ्यावर, कपडे वाळवायच्या खडकावर. जाळी दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितलं, की एकजण होडीतून उतरला, खोकं ठेवलं, तोंड धुतलं आणि होडी ढकलून परत गेला. कोण होता विचारलं, तर म्हणाला, की पाठमोरा होता, तुमच्या घरातलाच वाटला, म्हणून हाक मारली नाही.

कधी पोहोचलं: सातच्या आधी. कोणाच्या हातून: लिहिलं ते वाच. कोणत्या स्थितीत: अंडं धड आहे. तडासुद्धा नाही. पत्राचा एक कोपरा तेवढा ओला आहे, अंगठ्याएवढा.

मी ते खाल्लं नाही. फाटकाशी त्याच्या झोपडीत, छप्पर शाबूत आहे त्या बाजूच्या फळीवर ठेवलं आहे.

लवकर लिही.
तुझी,
आपोंडी


किसुमू,
६ एप्रिल

न्यामेरा आपोंडीस, अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मिळाल्यावर मी कामाला लागलो. घाबरून जाण्यासारखं काही नाही. क्रमाने सांगतो.

त्या दिवशी पावसाने केंडू बेच्या पुढचा रस्ता वाहून गेला. बस तिथूनच मागे फिरली. मी वाहकाला स्टँडवर गाठलं. तो म्हणाला, की पुढचा माल त्याने केंडू बेच्या धक्क्यावरून जाणाऱ्यांच्या हवाली केला. आपल्या खोक्यासाठी एक तिशीचा सडसडीत माणूस पुढे आला. ते माझ्या बहिणीचं आहे, म्हणाला, आणि तुझं नाव बरोबर सांगितलं. वाहकाने नियमाप्रमाणे वहीत त्याचा नंबर लिहून घेतला. मी वही मागितली. तो देईना. मी त्याला सांगितलं, की तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी याच स्टँडवर ओझी मोजतो आहे. मग दिली.

नंबर ओकिन्यीचा आहे. शेवटचे चार आकडे ४४१७.

याचा उलगडा साधा आहे. पूर्वी बेटाचा सगळा माल ओकिन्यीच उचलायचा. बसवाल्यांच्या जुन्या वहीत बेटासमोर त्याचाच नंबर असणार, आणि वाहकाने आळसाने तोच उतरवला. वाहक म्हणतो, की वही यंदाची आहे आणि नंबर त्या माणसाने तोंडी सांगितला. वाहकाची आठवण मी पुरावा धरत नाही. माणूस कोणी मासेमार असेल, तुला ओळखणारा. बेटावर तुला कोण ओळखत नाही? म्हाताऱ्याचे डोळे अधू आहेत.

नोंदीसाठी एक गोष्ट. फोन माझ्या खणात आहे. खण कुलपात आहे. मी पाहिलं.

तुझा,
ओग्वेनो


म्फांगानो बेट,
१४ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझ्याकडे उलगडा आहे. माझ्याकडे अंडं आहे.

तुला सांगितलं नव्हतं, कारण तू स्वप्नांना बाद नोंद म्हणतोस. तो येतो, दादा. तीन वर्षं येतो आहे. झोपडीच्या दारात उभा राहतो, केसांतून पाणी गळत असतं, आणि बसू कुठे, एवढंच विचारतो. रागावलेला नाही. रागावलेला असता तर बरं झालं असतं. पाहुण्यासारखा अवघडून उभा असतो, स्वतःच्याच दारात.

पण हे पत्र त्याच्यासाठी लिहीत नाही. माझ्यासाठी लिहिते आहे.

तुझ्या वहीत बेटाचं एकही मडकं नाही. सगळी म्बिटाला पोहोचली, असं लिहून तू रेघ मारतोस. तिथून पुढे ती कशी जातात, ते तू कधी विचारलं नाहीस. शाळेची, दवाखान्याची, शेजारणीची, सगळी मडकी माझ्या मांडीवरून पाणी ओलांडतात. तुझी नेमाची बस बारा चाळीसला लागते, म्हणून मी सकाळच्या शांत पाण्यावरून परत येऊ शकत नाही. माल उतरवून होडीत चढेपर्यंत अडीच-तीन वाजतात. तीनला वारा सुटतो. हे तुला मी सांगायला हवं का?

गेल्या बाजाराला होडीत दहाच्या जागी एकोणीस माणसं होती. मध्यावर पाणी आत आलं. ओगाडा नावाडी मक्याची पोती पाण्यात टाकायला लागला. मला म्हणाला, की वहिनी, मडकी सोडा. मी अकरा मडकी कवटाळून बसले होते. बुडता बुडता मला काय सुचलं सांगू? दादा वहीत लिहील: म्बिटाला पोहोचली, न फुटता. मला हसू आलं. शेजारच्या बाईला वाटलं मला वेड लागलं.

तू होडीचा रकाना काढलास म्हणून होडी थांबली नाही. फक्त तिच्यावर तुझी नजर राहिली नाही. आता एकतर रकाना घाल, तुझ्या सगळ्या कटकटीच्या नियमांसकट, नाहीतर घालत नाही असं सांग. शाळेला मी साठ मडकी कबूल केली आहेत आणि मी ती आणणार, आहे त्या होडीने, आहे त्या वाऱ्यात. तुझी बहीण आहे, हट्ट एकाच घरचा आहे.

उत्तर येईल तेव्हा येईल. माया आहे तिथेच आहे.

आपोंडी


किसुमू,
२२ एप्रिल

न्यामेरा आपोंडीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून तसंच लिहितो.

आठ वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाची एक गोष्ट तुला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. ओकिन्यी तेव्हा म्बिटाला बेचाळीस मडकी घेऊन थांबला होता. दोन वाजता त्याचा निरोप आला, की वारा चढतो आहे, सकाळी निघतो. मी गिऱ्हाइकाला चारची वेळ दिली होती. मी त्याला लिहिलं, की दिलेली वेळ म्हणजे वेळ, असंच दुकान उभं राहतं. तीन दहाला त्याचं उत्तर आलं. बरं दादा, निघतो.

सकाळी जन्मला म्हणून ओकिन्यी, आणि मी त्याला दुपारी पाण्यावर पाठवला.

तो निरोप त्याच्या फोनवर आहे. फोन तो म्बिटाला चार्जिंगला लावून गेला होता, म्हणून वाचला. नंबर दुसऱ्या कोणाला मिळू नये, एवढ्यासाठी मी तो जपला नव्हता. बंद केला की ते शेवटचं 'निघतो' खरं होईल, असं वाटत राहिलं. आणि फळाला मी भाऊ म्हणत नाही हा माझा शहाणपणा नव्हता. पहिली माती माझ्या हाताने पडायची होती. एकदा ज्या हाताने त्याला पाठवलं, त्याच हाताने पुन्हा. ते टाळत होतो. टाळता टाळता तुलाही त्याच वेळेला, त्याच वाऱ्यात बसवत होतो, आणि वहीत रेघा मारत होतो.

रकाना घातला आहे. वाच: होडी. म्बिटाहून फक्त सकाळी सातला. माणसं आठ, नववं नाही. प्रत्येक जिवाच्या अंगात तरंगतं जाकीट. माल आदल्या दिवशी म्बिटाला येईल आणि रात्रभर कोठीत राहील. बाजाराच्या दिवशी तू माल उचलायचा नाही. ओगाडाशी मी फोनवर बोललो. तो म्हणाला, की एवढ्या अटी सासऱ्यानेही घातल्या नव्हत्या.

वेळेसमोर काय लिहावं, हे मला दोन दिवस सुचलं नाही. शेवटी लिहिलं: सकाळी. वारा असेल तर दुसऱ्या सकाळी.

पहिला माल ३० एप्रिलला येईल. बरोबर मी येतो. वडीलधाऱ्यांना सांग. फळासाठी खड्डा फाटकाशी, त्याच्या झोपडीच्या उजव्या हाताला.

तुझा भाऊ


किसुमू,
५ मे

न्यामेरा आपोंडीस, अ. आ. वि. वि.

खड्ड्याशी माणसं होती, तिथे सगळं सांगता आलं नाही. नोंद अपुरी राहू नये म्हणून लिहितो.

फळ मी स्वतः निवडलं, किबोस रस्त्याच्या झाडाचं. वजन सहा किलो चारशे ग्रॅम. बसच्या टपावर ठेवायला वाहक हात पुढे करत होता, तोच वाहक. आत काय आहे ते सांगितल्यावर त्याने स्वतःची जागा दिली आणि म्बिटापर्यंत उभा राहिला.

सकाळी सातला ओगाडाच्या होडीत सात माणसं बसली होती, मी आठवा. मी चादरीतलं ते मांडीवर घेतलं. ओगाडाने मोजलं आणि म्हणाला, की नऊ झाले. मी म्हटलं, की हा माल आहे. तो म्हणाला, की म्झे, वडीलधारे तुम्ही, नियम तुमचाच आहे, प्रत्येक जीव. तेव्हा एक टोमॅटोवाली बाई टोपली उचलून उतरली. पुढच्या होडीने येते, म्हणाली, त्याला उशीर झालाच आहे आधी. ओगाडाने तिचं जाकीट फळाला चढवलं, पट्टे ओढून बांधले आणि माझ्या शेजारच्या फळीवर बसवलं. पाणी ताटासारखं होतं. आठ वर्षांनी मी त्याच्या शेजारी बसलो होतो, आणि सगळी वाट माझा हात त्याच्या पाठीवर होता. फळाच्या, म्हणायला हवं. मी तसं म्हणणार नाही.

काल नंबर बंद केला. कंपनीच्या मुलीने कारण विचारलं. मी सांगितलं, की माणूस पोहोचला.

शाळेची पहिली वीस मडकी सोमवारी निघतील. पण त्याआधी एक राहिलं आहे. या रकान्यातला पहिला माल तोच होता आणि वहीत त्यासमोरच्या तीन जागा कोऱ्या आहेत. पाठवणाऱ्याने त्या भरायच्या नसतात. घेणारी तू आहेस. भरून पाठव.

तुझा,
ओग्वेनो


म्फांगानो बेट,
११ मे

ती. दादास सा. न. वि. वि.

झोपडी रीतीने उतरवली. जुनं गवत शेजारणींनी नेलं. फळीवरचं अंडं मी त्या दिवशी खड्ड्यात त्याच्या उशाशी ठेवलं होतं, तू माती हातात घेऊन उभा होतास, तुला दिसलं नसेल. खोकं कोणी आणलं होतं, हे जाळीवाल्या म्हाताऱ्याला मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, की आता कशाला विचारतेस.

मडकी आली. वीसपैकी वीस. हेडबाईंनी एकेक वाजवून पाहिलं.

तुझ्या वहीसाठी:

कधी पोहोचलं: आठ वर्षं उशिरा, सकाळी आठ पन्नासला.

कोणाच्या हातून: थोरल्या भावाच्या.

कोणत्या स्थितीत: परवा पहाटे पुन्हा आला होता. दारात उभा राहिला नाही, आत येऊन बसला. मी केसांना हात लावून पाहिलं. कोरडे.

तुझी,
आपोंडी